चौतीस पदार्थ आणि मऊ पडलेली चकली

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी डोंबिवलीला राहते, वय ४३. सात वर्षांपूर्वी दिवाळीला शेजारच्या चार घरांना चकली करून दिली आणि तिथून माझा घरगुती व्यवसाय सुरू झाला. भाजणी सासूबाईंनी शिकवली. चकली लोकांना आवडली, मग जो जे मागेल ते मी करत गेले. आज यादीत ३४ पदार्थ आहेत. दिवाळीचा सगळा फराळ, पुरणपोळी, मोदक, केक, मसाले, लोणची, भाजण्या, मेतकूट, आणि शिवाय रोजचे १८ डबे. खालच्या मजल्यावरचे आजी-आजोबा तर माझ्या डब्यावरच आहेत. नवरा म्हणतो, एका ठिकाणी सगळं मिळतं म्हणून लोक येतात. मुलगी व्हॉट्सॲपवर यादी टाकते, तिला दर महिन्याला नवीन काहीतरी हवं असतं. पहाटे साडेचारला उठते, झोपायला बारा वाजतात, आणि हातात दोन वर्षांपूर्वी उरायचे तेवढेच पैसे उरतात. मागच्या दिवाळीत तीन घरांतून चकली मऊ पडल्याची तक्रार आली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी चकली मोडून पाहिली आणि ताटात बाजूला ठेवली. ते मला फार लागलं. पदार्थ कमी करावेत असं वाटतं, पण भीती वाटते. कोणते ठेवू? अनारसे माझे फार लाडके आहेत, ते सोडवत नाहीत. लोकांना नाही कसं म्हणू? केकसाठी घेतलेल्या ओव्हनचं काय करू? दिवाळीला तीन महिने आहेत.

– एक वाचक, डोंबिवली

उत्तर

प्रिय मैत्रीण,

पदार्थ कमी करा. करावेत की नाही यावर मी वेळ घालवत नाही, कारण ते तुमचं ठरलेलंच आहे, फक्त कुणीतरी ‘कर’ म्हणायला हवं होतं. कोणते, कसे आणि कधी, एवढंच बोलायचं आहे. पण त्याआधी चकलीबद्दल बोलू, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे.

चकली मऊ का पडते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी एकदा ओळीनं मांडून बघा. कढईत एका वेळी जास्त चकल्या सोडल्या की तेलाचं तापमान उतरतं आणि चकली तेल पिते. आच मोठी ठेवली तर वरून लगेच रंग येतो, आत ओल राहते. तेलातले बुडबुडे शांत होण्याआधी काढली तरी तेच. मोहन जास्त झालं तर ती तेलात विरघळायला लागते, कमी झालं तर कडक होते. आणि सगळं नीट जमल्यावर, पुरती गार व्हायच्या आत पिशवीत भरली तर तिच्याच वाफेनं दुसऱ्या दिवशी मऊ होते. यातल्या कुठल्या गोष्टीला मोठी विद्या लागते? एकीलाही नाही. प्रत्येकीला एवढंच लागतं की माणूस त्या वेळी कढईपाशी उभं असलं पाहिजे, आणि त्याचं लक्ष कढईत असलं पाहिजे.

मागच्या दिवाळीत तुम्ही कुठे होतात? माझा अंदाज सांगते. एका शेगडीवर चकलीचं तेल, दुसरीवर लाडवाचा पाक, ओव्हनमध्ये केक, ओट्यावर उद्याच्या डब्यांची भाजी, आणि दारात पार्सल न्यायला आलेला मुलगा. घाणा काढायला एक मिनिट उशीर झाला, पुढचा एक मिनिट आधी निघाला. पिशव्या भरायची घाई होती, परातीतल्या वरच्या चकल्या गार लागल्या, खालच्या कोमट होत्या. तुमचा हात काही बिघडलेला नाही. पाच कामांत वाटल्यावर एकेका कामाला त्यातला जेवढा आला, तेवढाच त्या पदार्थात उतरला. सासूबाईंनी चकली मोडून बाजूला ठेवली तेव्हा त्यांनी नेमकं हेच ओळखलं असणार. त्या बोलल्या नाहीत, ही त्यांची माया. पण आता त्यांच्याशी बोला. तुमच्या घरात इतकी पारख असलेलं माणूस आहे आणि तुम्ही सल्ला बाहेर विचारता आहात, हे काही बरोबर नाही.

आणखी एक गोष्ट हिशेबात कधीच धरली जात नाही, ती म्हणजे एका पदार्थावरून दुसऱ्यावर जायचा वेळ. तळणीचं तेल गाळायचं, कढई घासायची, तुपाच्या पदार्थासाठी वेगळी काढायची. ज्या मिक्सरमध्ये गोडा मसाला झाला, त्यात केकसाठी साखर दळायची तर तो तीनदा धुवायचा, तरी वास राहतोच. लोणच्याच्या बरण्या कोरड्या करायच्या. चौतीस पदार्थांसाठी चौतीस प्रकारचं सामान, त्यातलं निम्मं अर्धवट उघडलेलं, कुठे पोरकिडे झालेले. तुमचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होऊन बाराला संपतो, पण त्यातले कितीतरी तास या मधल्या उठाठेवीत जातात. त्याचे पैसे कोणी देत नाही, कारण ते कुठल्याच पदार्थाच्या किमतीत बसत नाहीत.

आता कोणते ठेवायचे. नेहमीचा सल्ला असा असतो की जास्त खपतात ते ठेवा. मी तसं म्हणणार नाही. खपणाऱ्यांत तुमचा केक असेल, पण केक करणाऱ्या बायका डोंबिवलीत गल्लोगल्ली आहेत, आणि तुमच्या पत्रात केकबद्दल प्रेमाचा एक शब्द नाही. तुमचं पत्र दोनदा वाचलं. ‘भाजणी सासूबाईंनी शिकवली’ या वाक्यापाशी मी थांबले. माझ्या मते तुमचा व्यवसाय चकलीचाही नाही, भाजण्याचा आहे.

चकलीची भाजणी घ्या. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, मग तांदूळ, चणाडाळ, उडीद डाळ, मूग डाळ, पोहे, धणे, जिरे, सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी. उडीद डाळ जरा जास्त भाजली गेली की भाजणीला कडवट झाक येते. चणाडाळ कच्ची राहिली की चकलीला डाळीचा उग्रट वास येतो. हे पुस्तकातून येत नाही, नाकाला कळतं. आणि ते नाक तुमच्याकडे आहे, सासूबाईंकडून आलेलं. त्याच नाकावर आणखी काय काय उभं राहतं बघा. कडबोळी तर भाजणीचीच. थालीपीठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, डाळी, धणे, पुन्हा सगळं भाजून. उपासाच्या भाजणीत साबुदाणा, वरीचे तांदूळ, राजगिरा. मेतकूट म्हणजे डाळी, तांदूळ, गहू भाजून त्यात मोहरी, मेथी, हळद, हिंग, सुंठ. सामान एकाच दुकानातून येतं, लोखंडी कढई एकच, भाजायची आच एकच, गिरणीची फेरी एकच. चकली आणि कडबोळी सोडली तर तळणीचा पसारा नाही.

शिवाय हे वर्षभर चालतं. चकलीला दिवाळी लागते, पण थालीपीठ पावसाळ्यात रोज लागतं. उपासाची भाजणी श्रावणात आणि नवरात्रात लागते, म्हणजे आत्ताच. मऊ भात आणि मेतकूट तर लहान मूल असलेल्या आणि म्हातारं माणूस असलेल्या प्रत्येक घराला लागतं. परदेशी मुलांकडे निघालेल्या आयांच्या बॅगेत भाजणी असतेच. तेव्हा माझी यादी अशी: चकली, कडबोळी, चकलीची भाजणी, थालीपीठाची भाजणी, उपासाची भाजणी, मेतकूट. सहा.

तुम्हाला हे फार कमी वाटेल. म्हणून लिज्जत पापडाचं सांगते. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, एवढं बहुतेकांना माहीत असतं. त्यापुढचं कमी लोकांना ठाऊक आहे. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. समाजसेवक छगनलाल पारेख, ज्यांना सगळे छगनबापा म्हणत, त्यांनी सांगितलं की एकच चांगल्या प्रतीचा पापड करा आणि त्यात कधीही तडजोड करू नका. त्यांनी ते ऐकलं. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. मला यातली खाट महत्त्वाची वाटते. पापड बंद असताना त्या चार महिन्यांत दुसरं काहीतरी विकायला घेणं सोपं होतं. त्यांनी पापडाचाच प्रश्न सोडवला. खाकरा, मसाले वगैरे पुढे आले, पण पापडाचा जम पुरता बसल्यावर, १९७० च्या दशकात. तुम्हीही पुढे वाढवा, माझी काही हरकत नाही. आधी तुमची चकली पुन्हा तुमची होऊ दे.

हा झाला माझा अंदाज. तुम्ही तो तपासून बघा, आणि त्यासाठी एक आठवडा वही ठेवा. प्रत्येक पदार्थापुढे किती पैसे आले, सामान, गॅस आणि पिशवी वजा जाता किती उरले, आणि किती तास गेले हे लिहा. तास लिहिताना खरेदी, निवडणं, भांडी, फोन, सगळं धरा. नमुन्यासाठी काल्पनिक आकडे देते. समजा एक केक ७०० रुपयांना गेला आणि सामान ३५० चं, उरले ३५०. पण ‘नाव मराठीत लिहू की इंग्रजीत’ या फोनपासून भांडी घासण्यापर्यंत साडेतीन तास गेले, तर तासाला १०० पडले. ५ किलो थालीपीठ भाजणीत किलोमागे ८० उरले, म्हणजे ४००, आणि निवडण्यापासून भरण्यापर्यंत अडीच तास लागले, तर तासाला १६०. तुमचे आकडे वेगळे येतील. पण दोन वर्षं काम वाढत गेलं आणि उरणारे पैसे जागचे हलले नाहीत, याचा अर्थ यादीतले काही पदार्थ बाकीच्यांच्या जिवावर जगताहेत. ते कोणते हे वहीत दिसेल. वही नवऱ्यालाही दाखवा. वादापेक्षा ती लवकर पटेल.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. वर्षातल्या एका वेळेपुरतं ते खरं आहे. दिवाळीला लोकांना एकाच ठिकाणी पूर्ण फराळ हवा असतो. चकली इथून आणि लाडू तिथून आणायला कोणाला वेळ नसतो. पण त्यासाठी सगळं तुमच्याच हातानं व्हायला हवं असं कुठे आहे? तुमच्या ओळखीत उत्तम बेसनाचे लाडू करणारी कुणी असेल, करंज्यांना हात असलेली कुणी असेल. तिघी मिळून डबा भरा, आणि प्रत्येक पाकिटावर करणारीचं नाव घाला. ज्या त्या पदार्थाची जबाबदारी ज्या तिची. फक्त एक पाहा, घरगुती असलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी लागते. तुमची असेलच, सोबतच्या दोघींचीही आहे ना हे आधी विचारा.

आता सोडायचं कसं आणि कुठल्या क्रमानं. केक, लोणची, मसाले आणि पुरणपोळी या आठवड्यात बंद करा. हे पदार्थ तुमचा वेळ तुकड्यातुकड्यांनी खातात, आणि लोकांना ते दुसरीकडे सहज मिळतात. मोदक या वर्षी घरच्या गणपतीपुरते. चतुर्थीच्या सकाळी बारा वाजायच्या आत सगळ्या डोंबिवलीला गरम मोदक हवे असतात, त्यात एक बाई काय काय करणार. लाडू, करंजी, शंकरपाळी आत्तापासून मैत्रिणींकडे.

डब्यांना हात लावताना सावकाश. ते तुमचं महिन्याचं ठरलेलं उत्पन्न आहे आणि लोक रोज त्यावर जेवतात. आज नवीन डबा घेणं थांबवा. दिवाळी झाली, हातात पैसे आले की एक महिन्याची मुदत देऊन सांगा, आणि प्रत्येकाला पर्यायी पोळीभाजीवाल्या बाईंचा नंबर मिळवून द्या. सकाळचे ते तास मोकळे झाले की भाजायला त्याच्याइतकी चांगली वेळ नाही. हवा गार असते, घर शांत असतं, नाक ताजं असतं. तोवर तीन महिने थोडी ओढाताण होईल. ती मला टाळता येण्यासारखी दिसत नाही.

खालच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांचा डबा मात्र सोडू नका. पत्रात तुम्ही त्यांचा उल्लेख सहज केलात, पण अठरा डब्यांतून तेवढाच वेगळा काढून लिहिलात. त्यांना यादीतून काढा आणि घरात घ्या. तुमच्या घरी जे शिजेल त्यातलं दोघांचं त्यांना द्या, पैसे त्यांना द्यायचे असतील तेवढे घ्या. कमी कामं करायची ती कशासाठी? जिथे आपली खरी गरज आहे तिथे नीट पोचता यावं यासाठीच ना. वहीत हा डबा तोट्यात दिसला तरी तो आकडा बघू नका.

आता अनारसे. मला कळतंय की इथे तुम्हाला त्रास होणार आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत अर्धवट वाळवून दळायचे, गूळ मिसळून गोळा चार-पाच दिवस मुरू द्यायचा, मग खसखशीवर थापून मंद आचेवर तुपात, खसखस वर ठेवून, न उलटता तळायचे. जाळी पडली तर आनंद, आणि हसला की सगळा तुपात विखुरला. हा पदार्थ माणसाचं सगळं लक्ष मागतो, आणि चकलीही तेच मागते. दिवाळीच्या त्याच आठ दिवसांत दोघांना ते देता येणार नाही. तेव्हा या दिवाळीला अनारसे फक्त घरी करा, सासूबाईंना हाताशी घेऊन. आणि अधिकमास येईल तेव्हा, जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायला घरोघर शोधाशोध सुरू होते तेव्हा, तो महिना फक्त अनारशांचा ठेवा. ते तुमचे लाडके आहेत म्हणूनच म्हणते, गर्दीत नका करू.

नाही म्हणायची भीती. लोक जातील का? काही जातील. जे केकसाठीच येत होते ते जातील, त्यांना जाऊ द्या. पण लांबलचक कारणं देऊ नका आणि माफीही मागू नका. एवढं लिहून पाठवा: ‘या श्रावणापासून मी फक्त भाजण्या, मेतकूट, चकली आणि कडबोळी करणार आहे. केकसाठी अमक्या ताईंचा, पुरणपोळीसाठी तमक्या ताईंचा नंबर देते आहे, दोघींच्या हाताला चव आहे.’ ज्या बाईनं आपल्याला नाही म्हणताना चांगलं घर दाखवलं, तिच्याकडे माणूस पुन्हा येतं. त्या दोघीही मग भाजणी विचारणाऱ्यांना तुमच्याकडे पाठवतील. फोनवर कुणी गळ घातली, ‘माझ्यापुरता एकच करा हो’ म्हटलं, तर तिथे पक्कं राहा. चौतीस पदार्थ असेच झाले आहेत, एकेकाच्या ‘माझ्यापुरतं’ मधून.

चकलीची संख्याही ठरवून घ्या. तुम्ही आणि सासूबाई मिळून कढईपाशी उभ्या राहून दिवसाला जेवढी नीट होते तेवढीच, गुणिले जेवढे दिवस हाताशी आहेत. तो आकडा भरला की ऑर्डर बंद. भाव थोडा वाढवा. आणि ज्या तीन घरांतून तक्रार आली होती, त्यांना या वर्षीच्या पहिल्या घाण्यातली पाव किलो चकली न मागता पाठवा, पैसे न घेता.

मुलीलाही काम आहे. दर महिन्याला नवीन पदार्थ शोधण्यापेक्षा तिनं या आठवड्यात काय भाजलं आणि कधी दळलं ते लिहावं. पाकिटावर दळल्याची तारीख ठळक घालावी. विकतची भाजणी ताजी असेल का, ही बायकांच्या मनातली पहिली शंका असते. तारीख बघितली की ती जाते.

राहिला ओव्हन. तुमचे केकचे गिऱ्हाईक जिच्याकडे जाणार आहेत तिलाच आधी विचारा; तिचं काम वाढणार आहे, तिला तो लागेल. हप्ते बाकी असतील तर येणाऱ्या पैशांतून आधी ते मिटवा. उरलेल्या रकमेत भर घालून, दिवाळीनंतर का होईना, घरघंटी घ्या. तुमच्या कामात सगळ्यात जास्त बिघाड मला गिरणीत होताना दिसतो. आपण भाजणी जिवापाड भाजून नेतो आणि गिरणीवाला ती आधीच्या गव्हावर दळून देतो. घरात घंटी आली की चकलीला बारीक जाळी, थालीपीठाला जरा जाड, हे तुमच्या हातात राहील, आणि आधी घंटी नीट झाडून घेतली की उपासाच्या भाजणीत धान्याचा कण जाणार नाही. घंटी येईपर्यंत गिरणीवाल्याशी ठरवून तांदूळ किंवा डाळ दळून झाल्यानंतरची वेळ मागून घ्या, उपासाची असेल तर जातं झाडून घ्यायला लावा, आणि भाजणी पुरती गार झाल्याशिवाय दळायला नेऊ नका.

तुमची,
ताई